विविध पिकांसाठी एकच टोकण यंत्र: आराखड्यापासून शेतातील चाचणीपर्यंत

तिळाच्या हजार दाण्यांचे वजन साधारण ३ ग्रॅम भरते, तर टपोऱ्या भुईमुगाच्या हजार दाण्यांचे ५०० ग्रॅमच्या आसपास. पहिला दाणा चपटा आणि निसरडा असतो, तर दुसरा लांबट आणि इतका नाजूक असतो, की साल निघाली किंवा दोन दले सुटली की त्याची उगवण हातची जाते. अशी निरनिराळी बियाणी ठरावीक अंतरावर आणि ठरावीक खोलीवर टोकणारे एकच यंत्र तयार करायचे, असे ठरवून कामाला बसलेल्या नवख्या माणसाच्या मनात बहुधा पहिला विचार येतो तो असा, की यंत्राचा प्रत्येक भागच मागे-पुढे, कमी-जास्त करता यावा. हा मार्ग टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. जितके सांधे हलते, तितकी यंत्रात ढिलाई अधिक, आणि जितक्या जुळवण्या जास्त, तितकी पेरणीच्या घाईत एखादी चुकण्याची शक्यता अधिक.

त्याऐवजी यंत्राचे भाग सुरुवातीलाच दोन गटांत विभागावेत. सांगाडा, जमिनीवर फिरून शक्ती देणारे चाक, बियाण्याची पेटी, बीजनळी आणि तिचे आधार हे सर्व पिकांसाठी तेच राहू शकतात. बियाण्यानुसार बदलावी लागते ती मापन करणारी तबकडी, आणि पिकानुसार बदलावी लागतात ती चाक व तबकडी यांच्यातील फेऱ्यांचे गुणोत्तर, दोन ओळींतील अंतर आणि पेरणीची खोली. हे चार बदल एकाच पान्याने करता यावेत आणि बाकी यंत्र घट्ट, अचल राहावे, एवढे पथ्य पाळले तर पुढची बरीचशी रचना सोपी होते. या लेखातील उदाहरणे चार ओळींचे, लहान ट्रॅक्टरमागे चालणारे यंत्र गृहीत धरून दिली आहेत, पण हाताने ढकलायच्या एका ओळीच्या यंत्रालाही हेच हिशेब लागू पडतात.

पहिले काम: बियाणे मोजणे

कागदावर रेघ ओढण्यापूर्वी हातात व्हर्नियर कॅलिपर घ्यावा. ज्या ज्या पिकासाठी यंत्र हवे आहे, त्या प्रत्येकाचे १०० दाणे कोणतीही निवड न करता उचलावेत आणि प्रत्येक दाण्याची लांबी, रुंदी व जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजून लिहावी. येथे सरासरीवर समाधान मानू नये, कारण तबकडीतील खाच ठरते ती सर्वांत मोठ्या दाण्यावरून आणि एका खाचेत दोन दाणे शिरण्याचा धोका कळतो तो सर्वांत लहान दाण्यावरून. त्याच वेळी हजार दाण्यांचे वजन करावे. मक्याचे ते साधारण २५० ते ३५० ग्रॅम, सोयाबीनचे १०० ते १५० ग्रॅम, ज्वारीचे २५ ते ३५ ग्रॅम भरते, परंतु वाणागणिक यात मोठा फरक पडतो, म्हणून पुस्तकातील आकड्यापेक्षा आपल्या समोरच्या पोत्यातील बियाण्याचा आकडाच खरा मानावा.

दुसरे मोजमाप बियाणे किती सहज घरंगळते याचे आहे. सपाट पृष्ठभागावर नरसाळ्यातून बियाणे हळूहळू सोडले की त्याचा शंकूसारखा ढीग होतो. ढिगाची उंची दुप्पट करून तिला तळाच्या व्यासाने भागले की उतरणीच्या कोनाचा टॅन्जेंट मिळतो. ढीग ८ सें.मी. उंच आणि ३० सें.मी. रुंद असेल तर हा कोन सुमारे २८ अंश येतो. कोरडी, गुळगुळीत धान्ये बहुतेक २० ते ३५ अंशांत बसतात. पेटीच्या तळाकडील भिंती या कोनापेक्षा निदान १० अंश अधिक उभ्या ठेवल्या नाहीत, तर कोपऱ्यांत बियाणे अडून राहते आणि एखादी ओळ पेटी अर्धी भरलेली असतानाच रिकामी जाऊ लागते.

ही सर्व मोजमापे बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्यावर घ्यावीत. बुरशीनाशकाची भुकटी किंवा जिवाणू संवर्धकाचा ओलसर थर चढला की तेच बियाणे निराळे वागते, एकमेकांना चिकटते आणि खाचेतून वेळेवर सुटत नाही. अशा बियाण्यात थोडी टाल्क किंवा ग्रॅफाइटची भुकटी मिसळल्याने प्रवाह सुधारतो, पण रचना करताना वाईट परिस्थितीच धरून चालावे. प्रक्रिया केलेले बियाणे हाताळताना हातमोजे आणि मुखपट्टी यांना पर्याय नाही.

यानंतर प्रत्येक पिकाची मागणी एका वहीत लिहून काढावी. ओळींतील अंतर सोयाबीनसाठी ३० ते ४५ सें.मी., मक्यासाठी ६० ते ७५ सें.मी. असे असते. तीळ आणि बाजरी २ ते ३ सें.मी. खोल पडावी लागते, सोयाबीन ३ ते ५ सें.मी., भुईमूग ५ सें.मी.च्या आसपास, तर ओल खाली गेलेल्या जमिनीत हरभरा ८ ते १० सें.मी. खोलही पेरला जातो. म्हणजे खोलीची जुळवणी २ पासून १० सें.मी.पर्यंत आणि ओळींची जुळवणी ३० पासून ७५ सें.मी.पर्यंत हवी, हे यादीवरूनच ठरले.

पहिल्याच यंत्राकडून सर्व पिकांची अपेक्षा ठेवू नये. मका, सोयाबीन आणि हरभरा या तिघांपासून सुरुवात करावी, कारण त्यांचे आकार एकमेकांना जवळ असूनही स्वभाव वेगळे आहेत. ते जमल्यावर भुईमूग घ्यावा आणि तीळ सर्वांत शेवटी.

मापनाची पद्धत निवडणे

दाणे मोजून सोडणाऱ्या यंत्रणा अनेक आहेत, पण नवख्याला निवड करावी लागते ती प्रामुख्याने चारांतून. खोबण्यांचा रोलर दाणे एकेक मोजत नाही, तो आकारमानाने धार सोडतो आणि रोलरचा उघडा भाग सरकवून ती धार कमी-जास्त करता येते. गव्हासारख्या दाट पेरणीच्या पिकाला तो उत्तम, पण मोठा दाणा त्यात चिरडतो आणि दोन रोपांतील अंतर त्याच्या हाती नसते. आडव्या तबकडीत प्रत्येक खाचेवरून जादा दाणे बाजूला सारणारी पट्टी लागते, आणि सोयाबीन किंवा भुईमुगाचा दाणा नेमका त्या पट्टीखाली फुटतो. हवेच्या ओढीवर चालणाऱ्या तबकडीला दाण्याच्या आकाराची फारशी पर्वा नसते, छिद्र दाण्यापेक्षा लहान असले की काम भागते, म्हणून वैविध्याच्या दृष्टीने ती सर्वांत समर्थ आहे. मात्र तिला काही किलोपास्कलचा निर्वात सतत टिकवणारा पंखा, हवाबंद कडा आणि पंख्याला पुरेशी शक्ती हवी.

राहिली ती तिरकी तबकडी, आणि सुरुवात तिच्यापासूनच करावी असे माझे स्पष्ट मत आहे. पेटीच्या खाली एक लहान कप्पा असतो, त्यात काठावर खाचा पाडलेली तबकडी आडव्या पातळीशी साधारण ५० अंशांचा कोन करून बसवलेली असते. खालच्या बाजूला तबकडी दाण्यांमधून फिरते, प्रत्येक खाच एक दाणा उचलते, वर जाताना खाचेबाहेर चिकटून आलेले दाणे आपोआप मागे घरंगळतात, आणि वरच्या टोकाला पोहोचलेला दाणा बीजनळीत पडतो. जादा दाणे काढण्याचे काम येथे कोणतीही पट्टी न लावता गुरुत्वाकर्षण करते, त्यामुळे नाजूक बियाण्याला इजा फार कमी होते. कोन थोडा बदलता यावा म्हणून आधाराला तीन भोके ठेवावीत. तबकडी अधिक उभी केली की जोडीने येणारे दाणे कमी होतात आणि रिकाम्या खाचा वाढतात, तर अधिक आडवी केली की याच्या उलट होते.

लहान कप्प्यातील बियाण्याची पातळी हा या पद्धतीचा नाजूक मुद्दा आहे. पेटीतून बियाणे मुक्तपणे आत येऊ दिले तर तबकडी अर्ध्याहून अधिक बुडते आणि दोन-दोन दाणे वर चढतात. म्हणून पेटी आणि कप्पा यांच्यामध्ये सरकते दार हवे, आणि बियाणे तबकडीच्या खालच्या तिसऱ्या भागापर्यंतच राहील अशा बेताने ते उघडावे. कप्प्याला पारदर्शक खिडकी ठेवली तर ही पातळी चालकाला दिसत राहते.

तबकडी: यंत्राचा बदलता भाग

सर्व तबकड्यांचा बाहेरचा व्यास, एकूण जाडी, मधले भोक आणि खुंट्यांच्या जागा अगदी एकसारख्या असाव्यात. उदाहरणादाखल व्यास १४० मि.मी. आणि एकूण जाडी ८ मि.मी. धरू. दाणा लहान असेल तेव्हा तबकडी पातळ करण्याचा मोह होतो, पण तसे केले की कप्प्याच्या भिंतीशी तिचे नाते बिघडते. त्यापेक्षा लहान बियाण्यासाठी वरचा पातळ थर आणि मागे त्याच व्यासाची अखंड चकती असे दोन भाग जोडून एकूण जाडी ८ मि.मी. राखावी, म्हणजे खाच उथळ राहते आणि बाकी काहीच बदलत नाही. तबकडी फिरवणाऱ्या दोन खुंट्या मध्यापासून वेगवेगळ्या अंतरावर ठेवाव्यात. असे केल्यास तबकडी उलटी बसूच शकत नाही, आणि अंधुक उजेडात तबकडी बदलतानाही चूक होत नाही.

खाचेचे माप ठरवण्याचा रूढ ठोकताळा असा, की तिची लांबी सर्वांत मोठ्या दाण्यापेक्षा सुमारे १० टक्के अधिक आणि खोली दाण्याच्या सरासरी जाडीइतकी असावी. सोयाबीनचा सर्वांत मोठा दाणा ७.५ मि.मी. भरला तर खाच ८.२ मि.मी.ची येते. आता त्याच पोत्यात ५ मि.मी.चे दाणेही बरेच असतील, तर त्या खाचेवर दोन दाणे स्वार होणारच. याचा उपाय चाळणीत शोधावा, तबकडीत नव्हे. पेरणीपूर्वी बियाणे दोन चाळण्यांतून काढून अगदी मोठे आणि अगदी बारीक दाणे वेगळे केले, तर मापनातील निम्मी भांडणे यंत्रापर्यंत येतच नाहीत.

खाचेच्या कडेकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. हरभऱ्याच्या दाण्याला एका टोकाला छोटीशी चोच असते. कातलेली खाच जशीच्या तशी, धारदार कडेची ठेवली तर ती चोच कडेत अडकते, दाणा वरच्या टोकाला पोहोचूनही क्षणभर लटकून राहतो आणि मग उशिरा पडतो. बाकावर तबकडी हळू फिरवून पाहिले तर हे डोळ्यांना दिसते: दाणा नळीच्या तोंडावरून पुढे निघून जातो आणि पलीकडच्या भिंतीवर आपटतो. बारीक कानशीने खाचेच्या दोन्ही कडा ४५ अंशांत मोडल्या आणि पॉलिश कागदाने गुळगुळीत केल्या की ही अडचण बहुतांशी नाहीशी होते. मक्याच्या चपट्या दाण्यालाही या उताराचा फायदा होतो, कारण तो आडवा न येता घसरून खाचेत बसतो.

तबकडी आणि कप्प्याची भिंत यांच्यातील फट सर्वांत लहान बियाण्याच्या जाडीच्या निम्म्याहून कमी हवी, नाहीतर दाणा त्या फटीत शिरून भरडला जातो. सोयाबीनसाठी २ मि.मी.ची फटही निभावते. तिळाची जाडी मात्र जेमतेम १ मि.मी.च्या आसपास असते, म्हणजे फट अर्ध्या मि.मी.पेक्षा कमी राखावी लागेल, आणि साध्या कार्यशाळेत बनलेल्या यंत्रात ती टिकवणे अवघड असते. तेथे भिंतीलगत मऊ केसांचा ब्रश बसवावा आणि एकेका दाण्याचा हट्ट सोडून खाचेत तीन-चार दाणे येऊ द्यावेत, नंतर विरळणी करावी. तीळ बारीक वाळूत मिसळून पेरणे हाही जुना आणि खात्रीचा उपाय आहे, पण मग खाच वाळूच्या मिश्रणासह तपासावी लागते आणि वाळूने तबकडी लवकर झिजते.

पहिल्या प्रयोगासाठी तबकडी त्रिमितीय छपाईने किंवा अॅक्रिलिकच्या पत्र्यातून काढावी, कारण खाचेचे माप दोन-तीनदा बदलावे लागतेच. माप निश्चित झाल्यावर ती नायलॉनमध्ये कातून घ्यावी. कोरड्या हवेत प्लॅस्टिकवर स्थिर विद्युत साचून कांद्यासारखे हलके बियाणे खाचेला चिकटून राहते, तेव्हा ग्रॅफाइटची चिमूट उपयोगी पडते.

फेऱ्यांचा हिशेब

दोन दाण्यांतील अंतर तीन गोष्टींवर ठरते: चाकाचा परीघ, तबकडीतील खाचांची संख्या, आणि चाकाच्या एका फेरीत तबकडी किती फिरते ते गुणोत्तर. समजा चाकाचा व्यास ४० सें.मी. आहे. त्याचा परीघ सुमारे १२५.७ सें.मी. होतो. परंतु शेतात चाक थोडे घसरते, म्हणून यंत्र प्रत्येक फेरीत परिघापेक्षा अधिक अंतर कापते. यासाठी यंत्र भरलेल्या स्थितीत, फण जमिनीत ठेवून चालवावे आणि चाकाच्या १० फेऱ्यांत कापलेले अंतर फितीने मोजावे. हिशेबाने ते १२.५७ मीटर हवे, प्रत्यक्षात १३.२३ मीटर भरले तर घसरण ५ टक्के झाली. यापुढे प्रत्येक फेरीचे अंतर १३२.३ सें.मी. धरावे.

मक्याचे दाणे २० सें.मी.वर हवे असतील तर चाकाच्या एका फेरीत १३२.३ ÷ २० म्हणजे ६.६ दाणे पडले पाहिजेत. तबकडीत १२ खाचा असल्या तर तिने ०.५५ फेरी घ्यावी, आणि ११ दातांच्या स्प्रॉकेटने, म्हणजे साखळीच्या दातेरी चाकाने, २० दातांचे स्प्रॉकेट फिरवले की नेमके हेच गुणोत्तर मिळते. सोयाबीनचे दाणे ५ सें.मी.वर हवे असतील तर एका फेरीत २६.५ दाणे हवेत. ३० खाचांची तबकडी आणि १४ दातांवरून १६ दातांवर जाणारी साखळी घेतली की अंतर ५.०४ सें.मी. येते. चालवणाऱ्या बाजूला ११, १४ व १८ दातांची आणि चालणाऱ्या बाजूला १६, २०, २४ व २८ दातांची स्प्रॉकेट ठेवली तर ०.३९ पासून १.१२५ पर्यंत १२ गुणोत्तरे हाती येतात, आणि वेगवेगळ्या खाचांच्या तबकड्यांशी जोडल्यावर बहुतेक पिकांची गरज भागते. स्प्रॉकेट बदलल्यावर साखळी ढिली किंवा तंग होते, म्हणून ताण देणारी स्प्रिंगची चकती सुरुवातीपासूनच आराखड्यात असावी.

खाचा कमी ठेवून तबकडी जोरात फिरवावी, की खाचा वाढवून सावकाश फिरवावी, असा प्रश्न आला तर नेहमी दुसरा पर्याय घ्यावा. ताशी ३ कि.मी. वेगाने जाताना वरच्या सोयाबीनच्या उदाहरणात ३० खाचांच्या तबकडीची कड सेकंदाला सुमारे २४ सें.मी. सरकते, खाचा २४ केल्या तर तीच कड ३० सें.मी. सरकते. कड जितकी वेगाने पळते, तितका दाण्याला खाचेत बसायला वेळ कमी मिळतो आणि रिकाम्या खाचा वाढत जातात.

उगवणक्षमतेचाही हिशेब येथेच करावा. उगवण ८० टक्के असेल आणि रोपे सरासरी ५ सें.मी.वर हवी असतील, तर दाणे ४ सें.मी.वर पडायला हवेत.

चाकाला मातीत रुतणारे दाते असावेत, आणि ते फणांच्या पुढे, न हललेल्या जमिनीवर चालावे. स्प्रिंगने खाली दाबलेले चाक चढ-उतारावर जमीन सोडत नाही. वेग मोजणारा संवेदक आणि तबकडीमागे विद्युत मोटर बसवली तर स्प्रॉकेटांची गरजच उरत नाही, अंतर केवळ आकडा बदलून ठरवता येते. पण धूळ, ओल आणि हादरे यांत टिकणारी अशी जोडणी करणे हे दुसऱ्या टप्प्याचे काम आहे.

तबकडीपासून मातीपर्यंत

तबकडीने अचूक मोजलेले अंतर नळीत बिघडू शकते. दाणा ३० सें.मी. उंचीवरून सरळ पडला तर त्याला सुमारे पाव सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात ताशी ३ कि.मी. वेगाचे यंत्र सुमारे २० सें.मी. पुढे जाते. सर्वच दाण्यांना तेवढाच वेळ लागत असेल तर काहीच बिघडत नाही. बिघडते ते एखादा दाणा नळीच्या भिंतीवर आपटत, उड्या मारत खाली आला तर. त्याला केवळ ०.०३ सेकंद उशीर झाला, तरी तो २.५ सें.मी. पुढे पडतो, म्हणजे सोयाबीनच्या अंतराच्या निम्मा. म्हणून नळी शक्य तितकी आखूड, सरळ आणि आतून गुळगुळीत असावी, तिचे तोंड चराच्या तळाजवळ पोहोचावे, आणि ती पारदर्शक असावी, म्हणजे दाणे पडत आहेत की नाही हे मागून चालणाऱ्याला दिसते.

फणाची निवड जमिनीवर अवलंबून आहे. भुसभुशीत रानात बुटासारखा फण अरुंद, स्वच्छ चर काढतो. कडक जमिनीत टोकदार फण लागतो. आणि मागच्या पिकाचे अवशेष पसरलेले असतील तर दोन चकत्यांचा फण त्यांना कापत जातो. हे तिन्ही एकाच आकाराच्या दांड्यावर बसतील अशी जोडणी ठेवावी. प्रत्येक ओळीचा फण आपापल्या समांतर चौकटीच्या दुव्यावर स्वतंत्रपणे वर-खाली झाला पाहिजे, आणि खोली ठरवणारे लहान चाक फणाच्या अगदी शेजारी असावे. सर्व फण एकाच ताठ दांडीवर जखडले, तर एका ढेकळावर चाक चढताच चारही ओळींची खोली बदलते.

मागचे दाबचाक दाण्याभोवतीची माती सावरते आणि ओल दाण्यापर्यंत पोहोचवते. पावसानंतर वरचा थर कडक होणाऱ्या जमिनीत मात्र दाब थेट दाण्यावर न देता दोन्ही बाजूंनी द्यावा, यासाठी एकमेकांकडे झुकलेली दोन अरुंद चाके वापरतात. चिकण मातीत वाफसा नसताना यंत्र घातले तर कोणताही फण चोंदतो, आणि यंत्र उभे असताना किंवा मागे सरकताना खाली टेकवले तर नळीच्या तोंडात माती शिरते. चालकाला ते आधीच सांगून ठेवावे.

खत द्यायचे असेल तर त्याची पेटी आणि फण स्वतंत्र ठेवावेत, आणि खत दाण्यापासून सुमारे ५ सें.मी. बाजूला व तितकेच खाली पडावे, कारण क्षारांच्या संपर्काने कोवळा कोंब करपतो.

सांगाड्यासाठी चौकोनी पोकळ नळी सोयीची, कारण फणांचे क्लॅम्प तिच्यावर सरकवून ओळींतील अंतर हवे तसे घेता येते, आणि ५ सें.मी.च्या टप्प्याने खुणा कोरल्या की फितीची गरज उरत नाही. ओढ किती लागेल याचा ढोबळ अंदाज चराची रुंदी, खोली आणि जमिनीचा विरोध यांच्या गुणाकाराने येतो. ४ सें.मी. रुंद व ६ सें.मी. खोल चर आणि प्रति चौरस सें.मी. ०.५ किलो विरोध धरल्यास एका फणाला १२ किलो, चारांना ४८ किलो. माणूस दीर्घकाळ सुमारे ७५ वॅट शक्ती देऊ शकतो, म्हणजे ताशी २.५ कि.मी. चालीने ११ किलोच्या आसपास जोर. हाताने ढकलायचे यंत्र हलक्या जमिनीतही एका ओळीचेच का ठेवावे, ते यावरून कळते. साखळीवर आच्छादन हवेच.

आधी बाकावर, मग शेतात

यंत्र तयार झाल्यावर ते उचलून चाक अधांतरी करावे, प्रत्येक नळीखाली पिशवी बांधावी आणि चाक चालीच्या वेगाने ५० फेऱ्या फिरवावे. घसरण धरून या ५० फेऱ्या शेतातील ६६.१ मीटरांइतक्या होतात, आणि ४५ सें.मी.च्या चार ओळींची रुंदी १.८ मीटर असल्याने क्षेत्र सुमारे ११९ चौरस मीटर येते. सोयाबीनचे दाणे ४५ बाय ५ सें.मी.वर टाकायचे तर हेक्टरी सुमारे ४,४४,००० दाणे लागतात. हजार दाण्यांचे वजन १२० ग्रॅम असल्यास हे हेक्टरी ५३ किलो झाले. म्हणजे चारही पिशव्यांत मिळून सुमारे ६३५ ग्रॅम आणि प्रत्येकीत १५९ ग्रॅमच्या आसपास बियाणे जमले पाहिजे. एखादी पिशवी इतरांपेक्षा स्पष्टपणे हलकी भरली तर त्या ओळीचे सरकते दार आणि तबकडी तपासावी.

त्याच पिशव्यांतून इजेची चाचणी करावी. पेटीतले ४०० आणि तबकडीतून आलेले ४०० दाणे, शंभर-शंभरांच्या चार-चार गटांत, एकाच परिस्थितीत उगवायला ठेवावेत. फुटलेले दाणे डोळ्यांना दिसतात, पण सोयाबीनच्या पातळ सालीखालचा मुका मार केवळ उगवणीतूनच कळतो, म्हणून ही चाचणी कधीही वगळू नये.

अंतर तपासण्यासाठी ग्रीस लावलेला लांब पट्टा नळीखालून यंत्राच्या वेगाने सरकवतात, म्हणजे दाणा जेथे पडतो तेथेच चिकटतो. पट्टा नसेल तर शेतात चर न बुजवता दाणे उघडे ठेवून मोजावेत. निदान २५० अंतरे लिहून घ्यावीत. एकेक दाणा टोकणाऱ्या यंत्रांच्या चाचणीचे आयएसओ ७२५६-१ हे १९८४ चे मानक आहे. त्या धर्तीवर, ठरलेल्या अंतराच्या निम्म्यापर्यंतचे अंतर म्हणजे जोड दाणे आणि दीडपटीहून अधिक अंतर म्हणजे चुकलेला दाणा, अशी वर्गवारी करतात. मक्यासाठी १० सें.मी.पर्यंतची अंतरे पहिल्या गटात, ३० सें.मी.पेक्षा मोठी दुसऱ्या गटात, आणि मधली सर्व योग्य.

टक्केवारी काढून थांबू नये, चुका कोणत्या क्रमाने येतात ते पाहावे. दर बाराव्या जागी दाणा चुकत असेल तर १२ खाचांच्या तबकडीतील एकच खाच सदोष आहे, तिच्यावर खूण करून कड तपासावी. बराच वेळ सर्व ठीक आणि मग एकदम मोठी नांगी, म्हणजे दाण्याविना मोकळी जागा, असे दिसले तर पेटीत बियाणे अडते आहे किंवा चाक जमीन सोडते आहे. अंतर एकसारखे पण हिशेबापेक्षा मोठे असेल तर घसरण पुन्हा मोजावी. जोड दाणे सर्वत्र विखुरलेले असतील तर आधी सरकते दार थोडे खाली घ्यावे, मग कोन बदलावा, आणि खाचेला हात शेवटी लावावा. पट्ट्यावर अंतर चांगले आणि शेतात वाईट, असे झाले तर दोष नळीत किंवा फणात आहे. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजावे, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली हे कधीच समजत नाही.

प्रत्येक पिकाची जुळवणी पक्की झाली की पीक, वाण, तबकडीचा क्रमांक, दोन्ही स्प्रॉकेटांचे दात, तबकडीचा कोन, सरकत्या दाराची खूण, ओळींतील अंतर आणि खोली असा तक्ता धातूच्या पट्टीवर कोरून पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लावावा. तबकड्यांवरही तेच क्रमांक कोरावेत आणि शक्य झाल्यास प्रत्येक पिकाला वेगळा रंग द्यावा. नवे वाण आले की पुन्हा १०० दाणे मोजावेत, आणि मापे जुन्या तबकडीच्या मर्यादेत बसत असतील तरच ती वापरावी. हंगाम संपल्यावर पेटी व कप्पा पूर्ण रिकामे करून कोरड्या कापडाने पुसावेत, साखळीला वंगण द्यावे, आणि तबकड्या उन्हापासून दूर, सपाट फळीवर आडव्या ठेवाव्यात. खिळ्याला टांगलेली किंवा भिंतीला टेकवून ठेवलेली नायलॉनची तबकडी अर्धा मि.मी. जरी वाकली, तरी बारीक बियाण्यासाठी राखलेली फट पुढच्या हंगामात जुळत नाही.